बाबासाहेब आणि प्रतिनिधित्वाचा प्रश्न

परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव आपल्या शहरात उच्चारले की नागसेनवन डोळ्यांपुढे उभे राहते. मराठवाडा हैदराबाद राज्यात असताना, १९५० साली, त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या वतीने येथे महाविद्यालय सुरू केले. त्या कार्याचे स्मरण आपण नित्य करतो. परंतु सभागृहात आपला माणूस कोणाच्या मतांवर बसतो, या एका प्रश्नासाठी त्यांनी साडेतीन दशकांहून अधिक काळ झुंज दिली, तिची उजळणी मात्र क्वचित होते. या स्मरणिकेच्या निमित्ताने ती माजी विद्यार्थी व पालकांपुढे ठेवीत आहोत.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेले बाबासाहेब १९१९ साली मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक होते. त्या वर्षी जानेवारीत मताधिकाराचा विचार करणाऱ्या साउथबरो समितीपुढे त्यांनी साक्ष दिली. वय अवघे सत्तावीस. मताचा हक्क तेव्हा मालमत्तेशी बांधलेला होता आणि ज्यांना मालमत्ता जमवूच दिली नव्हती, ते आपोआप बाहेर राहत होते. म्हणून मताधिकाराची अट शिथिल करावी आणि अस्पृश्यांना त्यांचे स्वतःचे प्रतिनिधी मिळावेत, अशी त्यांची मागणी होती. दुसऱ्याने आपल्या वतीने बोलणे पुरेसे नाही, आपण स्वतः तेथे असले पाहिजे, हा तिचा गाभा होता.

या मागणीचे मोल महाडने दाखवून दिले. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत, असा रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलाने १९२३ साली संमत केला होता. त्याला अनुसरून महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केले; परंतु तो ठराव कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी आपल्या अनुयायांसह तळ्याचे पाणी घेतले आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपलाच ठराव मागे घेतला. नगरपालिकेच्या बैठकीत कोण बसतो, यावर तहानलेल्याचे पाणी अवलंबून असते, हे त्या प्रसंगाने सर्वांना कळले.

बाबासाहेब स्वतः त्या काळी मुंबई कौन्सिलाचे सरकारनियुक्त सभासद होते. तरीही १९२८ साली सायमन कमिशनपुढे त्यांनी नियुक्तीऐवजी निवडणूक मागितली. सरकारने नेमलेला माणूस सरकारकडे पाहतो, लोकांनी निवडलेला लोकांना उत्तर देतो, हा त्यामागील विचार होता.

गोलमेज परिषदेनंतर १९३२ साली जातीय निवाड्याने स्वतंत्र मतदारसंघ दिले; २४ सप्टेंबरच्या पुणे कराराने त्यांच्या जागी संयुक्त मतदारसंघातील राखीव जागा आल्या. प्रत्येक राखीव जागेसाठी प्रथम अस्पृश्य मतदारांनी चार उमेदवार निवडावेत आणि त्यांतील एकाला सर्व मतदारांनी निवडून द्यावे, अशी योजना ठरली. या करारातील दोन कलमे आपण विशेष लक्षात ठेवावीत. आठवे कलम स्थानिक स्वराज्य संस्था व सरकारी नोकऱ्यांत योग्य प्रतिनिधित्वाचे आणि लगेच पुढचे, नववे, शिक्षणासाठी निधी राखून ठेवण्याचे. करारानंतर दोनच आठवड्यांत ग्रामपंचायत विधेयकावर बोलताना बाबासाहेबांनी गावपातळीवरही प्रौढ मताधिकार व राखीव प्रतिनिधित्व यांचा आग्रह धरला.

जागा मिळाली, तरी ती कशी भरली जाते, हा प्रश्न उरत होता. बहुसदस्य मतदारसंघात मतदाराला जितक्या जागा तितकी मते असावीत आणि ती सर्व एकाच उमेदवाराला देण्याची मुभा असावी, या संचयी मतदान पद्धतीचे बाबासाहेब पुरस्कर्ते होते. अल्पसंख्य समाज एकजुटीने मते देऊन आपला माणूस निवडून आणू शकतो, हे तिचे मर्म. मुंबई प्रांतात १९३७ ची निवडणूक या पद्धतीने झाली आणि त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे बहुतेक उमेदवार विजयी झाले. १९५२ साली उत्तर मुंबई या द्विसदस्य लोकसभा मतदारसंघात दोन्ही मते एकाला देण्याची सोय नव्हती. तेथे राखीव जागेवर घटनेचे शिल्पकार सुमारे चौदा हजार मतांनी पराभूत झाले. १९५५ साली शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनने कायदेमंडळातील राखीव जागा रद्द करण्याचा ठराव केला, त्यामागे हा सारा अनुभव होता. ६ डिसेंबर १९५६ रोजी महापरिनिर्वाण झाले, तेव्हा प्रश्न सुटलेला नव्हता.

पुढे चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून नगरपालिका व महानगरपालिकांत अनुसूचित जाती, जमाती आणि महिलांसाठी राखीव जागा अनिवार्य झाल्या. तरीही निवडणुकीच्या पद्धतीचा प्रश्न आपल्या दाराशी आहेच. आपल्या महानगरपालिकेत २०१५ साली एका वॉर्डातून एक नगरसेवक निवडला गेला. त्यानंतरची निवडणूक थेट जानेवारी २०२६ मध्ये झाली, ती २९ प्रभागांतून ११५ जागांसाठी. अशा प्रभागात मतदाराला जागांइतकी मते असतात. पण प्रत्येक जागेसाठी एकच, ती एकत्र करता येत नाहीत. त्यामुळे ज्या गटाचे प्रभागात बहुमत, त्याला सर्व जागा जिंकता येतात. एखादी वस्ती लहान वॉर्डात निर्णायक असते, मोठ्या प्रभागात तिचा आवाज विरून जाऊ शकतो. बाबासाहेबांनी हीच अडचण ओळखली होती.

आपल्या वसतिगृहांतून शिकून गेलेली मुले-मुली आज अनेक प्रभागांत मतदार आहेत. प्रभागरचनेचा आराखडा प्रसिद्ध होतो, तेव्हा हरकती व सूचना मागविल्या जातात. तो आराखडा वाचावा, आपल्या वस्तीची सीमा पाहावी आणि गरज असेल तेथे मुदतीत हरकत लेखी नोंदवावी. पुणे कराराच्या आठव्या आणि नवव्या कलमांचे नाते जोडण्याचे काम शिकलेल्या माणसाचेच आहे. ते हाती घेणे हेच बाबासाहेबांना खरे अभिवादन ठरेल.