दुर्रिया शफीक : नाईलच्या लेकीला एकटं पाडलं तेव्हा

दुर्रिया शफीक यांचा जन्म १९०८ साली इजिप्तमधल्या तंता शहरात झाला. शिकायची जिद्द मोठी. हुदा शारावी यांच्या मदतीने शिष्यवृत्ती मिळाली आणि त्या पॅरिसला गेल्या. १९४० मध्ये सोरबोन विद्यापीठाची डॉक्टरेट घेतली. इस्लाम आणि स्त्रीचे हक्क यांच्यात विरोध नाही, हे त्यांनी तिथे अभ्यासातून मांडलं.

मायदेशी परतल्यावर १९४५ मध्ये त्यांनी ‘बिन्त अल-नील’, म्हणजे नाईलची लेक, हे मासिक काढलं. त्याच नावाची संघटना उभी राहिली, बायकांसाठी साक्षरतेचे वर्ग सुरू झाले. फेब्रुवारी १९५१ मध्ये सुमारे १५०० स्त्रियांना घेऊन त्या थेट संसदेत शिरल्या. मागण्यांमध्ये मतदानाचा हक्क होता.

मार्च १९५४ मध्ये नवी घटना लिहिणाऱ्या समितीत एकही स्त्री नव्हती. दुर्रियांनी पत्रकार संघाच्या इमारतीत उपोषण धरलं. तेव्हा त्या एकट्या नव्हत्या, इतर स्त्रियाही सोबत उपाशी बसल्या. १९५६ च्या घटनेने स्त्रियांना मत दिलं, पण लिहिता-वाचता येणाऱ्यांनाच.

६ फेब्रुवारी १९५७ रोजी त्या कैरोतल्या भारतीय दूतावासात गेल्या आणि पुन्हा उपोषणाला बसल्या. इस्रायली फौजांनी इजिप्तची जमीन सोडावी आणि नासर यांनी हुकूमशाही थांबवावी, या दोन मागण्या होत्या. सरकारने त्यांना नजरकैदेत टाकलं, मासिक बंद केलं, वर्तमानपत्रांत त्यांचं नाव छापायलाही मनाई केली.

सरकारचं वागणं समजू शकतं. पण आपल्याच माणसांचं काय? स्वतःच्या संघटनेतल्या सहकारी बायकांनी राजीनामा मागितला. इतर महिला संघटनांसोबत मिळून त्यांना गद्दार ठरवलं. ज्यांच्या हाती लेखणी होती तेही गप्प बसले. दुर्रिया घरातच लिहीत राहिल्या, कविता आणि आठवणी. वाचणारं कुणी नव्हतं.

२० सप्टेंबर १९७५ रोजी कैरोत घराच्या बाल्कनीतून पडून त्यांचा इंतकाल झाला. नाव पुन्हा छापून आलं ते त्यानंतर.

आम्ही आमच्या मुलींना हक्क मिळवणाऱ्या स्त्रियांच्या गोष्टी सांगतो, तेव्हा ही शेवटची अठरा वर्षंही सांगायला हवीत. हक्कांसाठी कैद झालेल्या बाईचं प्रत्येक मत आम्हाला पटलंच पाहिजे असं नाही. पण तिचं नाव घेणं, तिच्यासाठी चार ओळी लिहिणं, एवढं तर लिहिता येणाऱ्यांचं फर्ज आहे. मेल्यावर मगफिरतची दुआ सगळेच करतात. जिवंतपणी सोबत उभं राहायला हिंमत लागते.