डेनिस रिची

डेनिस मॅकअ‍ॅलिस्टेअर रिची (जन्म : ९ सप्टेंबर १९४१, मृत्यू : ऑक्टोबर २०११) हे अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ होते. सी या संगणकीय भाषेचे ते जनक असून केन थॉम्पसन यांच्यासह त्यांनी युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम घडवली. फाइलची माहिती तिच्या नावापासून वेगळी ठेवण्याची युनिक्समधील पद्धत आणि ती माहिती प्रोग्रॅमला मिळवून देणारा ‘स्टॅट’ हा सिस्टीम कॉल आजही लिनक्ससह बहुतेक युनिक्सवंशीय प्रणालींमध्ये वापरात आहे.

बालपण आणि शिक्षण

रिची यांचा जन्म न्यू यॉर्क राज्यातील ब्राँक्सव्हिल येथे झाला आणि त्यांचे बालपण न्यू जर्सीमधील समिट येथे गेले. त्यांचे वडील अ‍ॅलिस्टेअर रिची हे बेल प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ होते. डेनिस यांनी १९६३ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातून भौतिकशास्त्राची पदवी घेतली व पुढे तेथेच उपयोजित गणिताचा अभ्यास केला. त्यांनी १९६८ मध्ये प्रबंध लिहून पूर्ण केला. परंतु त्याची बांधीव प्रत विद्यापीठाकडे जमा न झाल्याने त्यांना डॉक्टरेट मिळाली नाही.

युनिक्सचा आरंभ

१९६७ मध्ये रिची न्यू जर्सीतील मरे हिल येथे बेल प्रयोगशाळेत रुजू झाले. त्या वेळी ही संस्था एमआयटी व जनरल इलेक्ट्रिक यांच्या सहकार्याने मल्टिक्स नावाची मोठी प्रणाली विकसित करत होती. १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेने त्या प्रकल्पातून अंग काढून घेतले. त्यानंतर थॉम्पसन, रिची आणि रड कॅनडे यांनी एका नव्या फाइल व्यवस्थेचा आराखडा तयार केला आणि थॉम्पसन यांनी ती पीडीपी-७ या लहान संगणकावर प्रत्यक्षात आणली. याच कामातून युनिक्स उभे राहिले.

फाइल, आयनोड आणि स्टॅट

युनिक्समध्ये प्रत्येक फाइलची एक नोंद असते. तिला आयनोड म्हणतात. फाइलचा प्रकार, मालक, परवानग्या, आकार, वेळा आणि मजकूर डिस्कवर कोठे आहे याचा पत्ता आयनोडमध्ये असतो. फाइलचे नाव मात्र त्यात नसते. नाव आणि आयनोडचा क्रमांक यांची जोडी डिरेक्टरीत लिहिलेली असते. त्यामुळे एकाच फाइलला दोन नावे देता येतात आणि शेवटचे नाव पुसले जाईपर्यंत फाइल टिकून राहते. आयनोड शब्दातील ‘आय’ हे अक्षर कशासाठी आहे, हे पुढे रिची यांनाही खात्रीने आठवत नव्हते. ते ‘इंडेक्स’चे असावे, असा त्यांचा तर्क होता.

३ नोव्हेंबर १९७१ रोजीच्या युनिक्सच्या पहिल्या माहितीपुस्तिकेत स्टॅटचे वर्णन आढळते. फाइलचे नाव दिले की हा कॉल आयनोडमधील तपशील ३४ बाइटच्या जागेत भरून देत असे. प्रोग्रॅमरला कोणत्या बाइटपासून कोणती माहिती सुरू होते हे लक्षात ठेवावे लागे. आधीच उघडलेल्या फाइलसाठी ‘एफस्टॅट’ हा जोडकॉल होता. वेळ तेव्हा सेकंदाच्या साठाव्या भागात मोजली जाई. या मापाने ३२ बिटांची जागा सुमारे सव्वादोन वर्षांतच भरून जात असल्याने पुढे सेकंद हे एकक आणि १ जानेवारी १९७० हा आरंभदिन स्वीकारण्यात आला.

सी भाषा

थॉम्पसन यांच्या बी या भाषेत विदेचे निरनिराळे प्रकार नव्हते. पीडीपी-११ या नव्या संगणकासाठी रिची यांनी १९७१ ते १९७३ या काळात तिच्यात प्रकारांची भर घातली आणि त्यातून सी भाषा आकाराला आली. १९७२ मध्ये थॉम्पसन यांनी युनिक्स सीमध्ये लिहिण्याचा प्रयत्न केला होता, पण तो त्यांना सोडून द्यावा लागला. तेव्हा भाषेत ‘स्ट्रक्चर’ची सोय नव्हती. ती आल्यावर १९७३ च्या उन्हाळ्यात युनिक्सचा गाभा सीमध्ये नव्याने लिहिला गेला. स्ट्रक्चरमुळे निरनिराळ्या प्रकारच्या नोंदी एकत्र बांधून प्रत्येकीला नाव देता येऊ लागले. स्टॅटने भरून दिलेल्या जागेतील आकार ‘एसटी_साइझ’ आणि प्रकार व परवानग्या ‘एसटी_मोड’ अशा नावांनी वाचता येतात, ते यामुळेच.

आजच्या रूपात स्टॅट यशस्वी झाल्यास ० आणि अयशस्वी झाल्यास उणे १ परत करतो. त्यातील ‘एसटी_सीटाइम’ ही वेळ फाइलच्या निर्मितीची समजली जाते; प्रत्यक्षात ती आयनोडमधील नोंद शेवटची कधी बदलली हे सांगते. स्टॅट हा सी भाषेच्या प्रमाणित ग्रंथालयाचा भाग नाही. तो पॉझिक्स या मानकात येतो.

परवानग्यांमधील ‘सेट-यूजर-आयडी’ ही खूण रिची यांची स्वतंत्र कल्पना होती. ही खूण असलेला प्रोग्रॅम चालवणाऱ्याच्या ऐवजी फाइलच्या मालकाच्या अधिकाराने चालतो. त्यामुळे सामान्य वापरकर्त्याला संरक्षित फाइलमधील केवळ आपला पासवर्ड बदलता येतो. तिचे पेटंट १९७९ मध्ये मंजूर झाले व नंतर ते सर्वांसाठी खुले करण्यात आले.

१९७८ मध्ये रिची आणि ब्रायन कर्निहॅन यांचे सी भाषेवरील पुस्तक प्रसिद्ध झाले. १९८८ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती निघाली. डिरेक्टरीतील फाइलींचे आकार स्टॅटच्या साहाय्याने छापणारा प्रोग्रॅम त्यात उदाहरण म्हणून दिला आहे.

मराठी आणि मराठवाड्याच्या संदर्भात

नांदेड येथील श्री गुरु गोबिंदसिंहजी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्था (स्थापना १९८१) आणि लातूरचे एम. एस. बिडवे अभियांत्रिकी महाविद्यालय यांसारख्या संस्थांत संगणकाच्या विद्यार्थ्यांना सी भाषा शिकवली जाते. फाइलला मराठी नाव देण्याचा प्रश्नही रिची यांच्या मूळ रचनेशी जोडलेला आहे. पीडीपी-११ वरील युनिक्समध्ये डिरेक्टरीतील प्रत्येक नोंद १६ बाइटची असे. त्यांपैकी २ बाइट आयनोडच्या क्रमांकाला आणि १४ नावाला मिळत. थॉम्पसन व रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये रचलेल्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. या हिशेबाने ‘लातूर’ला १५ आणि ‘नांदेड’ला १८ बाइट लागतात, म्हणजे जुन्या मर्यादेत यांपैकी एकही नाव मावले नसते. नाव आयनोडच्या बाहेर असल्यामुळे आयनोडला हात न लावता ही मर्यादा वाढवता आली. लिनक्सच्या प्रचलित फाइल व्यवस्थांमध्ये ती २५५ बाइट आहे.

उत्तरायुष्य आणि सन्मान

१९९० पासून रिची यांनी बेल प्रयोगशाळेतील एका संशोधन विभागाचे नेतृत्व केले. प्लॅन ९ आणि इन्फर्नो या प्रणाली याच गटातून आल्या. २००७ मध्ये ते निवृत्त झाले. थॉम्पसन यांच्यासह त्यांना १९८३ चा ट्युरिंग पुरस्कार, १९९८ चे अमेरिकेचे राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक आणि २०११ चा जपान पुरस्कार मिळाला.

मृत्यू

१२ ऑक्टोबर २०११ रोजी न्यू जर्सीतील बर्कली हाइट्स येथील राहत्या घरी ते मृतावस्थेत आढळले. ते एकटेच राहत असत. अ‍ॅपलचे सहसंस्थापक स्टीव्ह जॉब्स यांच्या निधनाला तेव्हा एकच आठवडा झाला होता. त्या तुलनेत रिची यांच्या मृत्यूची दखल वृत्तमाध्यमांनी फार कमी घेतली, जरी अ‍ॅपलच्या संगणकांची प्रणाली युनिक्सच्याच परंपरेतील होती. फेडोरा लिनक्सची १६ वी आवृत्ती त्यांच्या स्मृतीस अर्पण करण्यात आली. त्यांच्या जमा न झालेल्या प्रबंधाची प्रत २०२० मध्ये कॅलिफोर्नियातील संगणक इतिहास संग्रहालयाने प्रकाशात आणली.