दादोबा पांडुरंग : शब्दाचे शास्त्र आणि सुरतेची सभा

बोलणे सर्वांनाच येते. परंतु आपण बोलतो ते कोणत्या नियमाने बोलतो आणि बोललो त्याप्रमाणे वागतो की नाही, याचा विचार करणारे थोडेच असतात. पहिल्या प्रश्नाचे उत्तर शोधणारा तो व्याकरणकार. दुसऱ्या प्रश्नाला सामोरा जाणारा तो साधक. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांच्या आयुष्यात हे दोन्ही प्रश्न उभे राहिले. पहिल्याचे उत्तर त्यांनी इतके चांगले दिले, की महाराष्ट्राने त्यांना मराठीचे पाणिनी म्हणून गौरविले. दुसऱ्याचे उत्तर देताना मात्र त्यांच्यासारख्या विद्वानाचीही कसोटी लागली. या कसोटीचा आरंभ मुंबईत किंवा पुण्यात झाला नाही. तो तापीकाठी, सुरत शहरात झाला.

दादोबांचा जन्म मुंबईत ९ मे १८१४ रोजी झाला. वडिलांचे नाव पांडुरंग, आईचे यशोदा. धाकटे बंधू भास्कर आणि आत्माराम हेही पुढे नावलौकिकास चढले. दादोबांचे शिक्षण आधी पंतोजींच्या शाळेत आणि मग मुंबईच्या इंग्रजी विद्यालयात झाले. वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी, १८३६ साली, त्यांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ प्रसिद्ध झाले.

हे काम किती मोठे होते, ते नीट समजून घेतले पाहिजे. तोपर्यंत मराठीची व्याकरणे मुख्यतः परकीयांच्या सोयीसाठी लिहिली जात. विल्यम केरी यांनी १८०५ साली श्रीरामपूरला छापलेले व्याकरण इंग्रजीत होते. आपल्या घरात जी भाषा बोलली जाते तिलाही शास्त्र आहे, असे मराठी माणसाला वाटतच नव्हते. शास्त्र असायचे ते संस्कृताला. पण तीन वर्षांचे मूलही ‘घोडा’ला म्हणत नाही, ‘घोड्याला’ म्हणते. हे त्याला कोणी शिकविलेले नसते. प्रत्यय लागण्यापूर्वी शब्दाचे रूप बदलते हा नियम त्या मुलाच्या जिभेवर आधीपासून असतो. दादोबांनी असे नियम लोकांच्या बोलण्यातून वेचले आणि मराठी मुलांसाठी मराठीतच मांडले. मांडणीसाठी त्यांनी मरे यांच्या इंग्रजी व्याकरणाचा आधार घेतला, संस्कृत व्याकरणाचाही घेतला. आज शाळेतील मुले नामापासून केवलप्रयोगी अव्ययापर्यंत शब्दांच्या आठ जाती म्हणतात; ती मांडणी रूढ होण्यात दादोबांच्या पुस्तकाचा वाटा मोठा आहे. एकदा लिहिले आणि संपले, असेही त्यांनी केले नाही. १८५० आणि १८५७ साली त्यांनी पुस्तकाच्या सुधारून वाढविलेल्या आवृत्त्या काढल्या, आणि १८८१ साली, मृत्यूच्या आदल्या वर्षी, त्याची पूरणिका प्रसिद्ध केली.

व्याकरणानंतर काही काळ दादोबा जावऱ्याच्या नबाबाचे शिक्षक होते. पुढे १८४० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ते सुरतेच्या सरकारी इंग्रजी शाळेत शिक्षक म्हणून आले. सुरतेचे वैभव तेव्हा ओसरले होते. एके काळी मोगल बादशाहीचे हे मोठे बंदर. पण व्यापार मुंबईकडे वळला होता आणि १८३७ साली आधी भयंकर आगीने व नंतर पुराने शहराचे कंबरडे मोडले होते. तरी बाजारात अनेक जातीधर्मांची माणसे वावरत होती. नागर ब्राह्मण, वाणी, पारशी, बोहरी, सर्वांचा व्यवहार गुजरातीत, पण प्रत्येकाच्या गुजरातीची धाटणी वेगळी. भाषेचा अभ्यास करणाऱ्याला याहून चांगली पाठशाळा कोणती मिळणार?

येथेच त्यांची गाठ दुर्गाराम महेताजींशी पडली. दुर्गाराम मंछाराम दवे हे सुरतेचेच नागर ब्राह्मण, जन्म १८०९ चा. मराठीत आपण ज्यांना पंतोजी म्हणतो, त्यांनाच गुजरातीत महेताजी म्हणतात. एक मराठीचा पंतोजी आणि एक गुजरातीचा महेताजी असे दोघे एकत्र आले. दिनमणिशंकर, दलपतराम आणि दामोदरदास हे त्यांचे साथी. पाचही जणांची नावे ‘द’ने सुरू होणारी, म्हणून लोकांत हे मंडळ पाच दद्दा म्हणून ओळखले जाऊ लागले. २२ जून १८४४ रोजी त्यांनी मानवधर्म सभा स्थापन केली.

या सभेच्या नावातच तिचे सर्व सार आहे. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन शब्द आहेत. गुजरातीतही ‘अमे’ आणि ‘आपणे’ आहेत. ‘आम्ही’ म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो. ‘आपण’ म्हटले की तोही आत येतो. इंग्रजीला हा भेद एका शब्दात करता येत नाही. आपल्या भाषांना तो येतो, पण आपल्या समाजाला ‘आम्ही’ म्हणण्याची सवय अधिक. आम्ही नागर, आम्ही वाणी, आम्ही पारशी. सर्व माणसांना मिळून ‘आपण’ म्हणावे, हाच मानवधर्म.

सभेत मूर्तिपूजा, जातिभेद, विधवांचे दुःख अशा विषयांवर उघड चर्चा होई. हिंदूंचेच नव्हे, ख्रिस्ती आणि मुसलमान धर्माच्या नावाने चालणारे ढोंगही सभा उघडे पाडी. मांत्रिकांना आणि जादूगारांना तर तिने सरळ आव्हान दिले, की तुमच्या मंत्रात सामर्थ्य असेल तर ते सर्वांसमक्ष दाखवा. यातले मर्म लक्षात घ्यावे. मंत्र म्हणजे तरी शब्दच. ज्याचा अर्थ कोणी विचारू नये आणि ज्याच्या भीतीने गोरगरिबांनी पैसा टाकावा, असा शब्द. ज्यांनी शब्दाचे शास्त्र शिकविण्यात आयुष्य घातले, त्यांना अर्थावाचून चालणारा हा धंदा कसा सहन व्हावा?

सुरतेत असतानाच, १८४३ च्या सुमारास, दादोबांनी ‘धर्मविवेचन’ हा ग्रंथ मराठीत लिहिला होता. ईश्वर एक आहे आणि तोच पूज्य. प्रेम आणि सदाचरण हा खरा धर्म. माणसांचा धर्म एकच. प्रत्येकाला विचाराचे स्वातंत्र्य असावे. रोजचे बोलणे आणि वागणे विवेकाला धरून असावे. मानवजात हीच एक जात. आणि ज्ञान सर्वांना मिळावे, अशी सात तत्त्वे त्यात आली आहेत. त्यातले पाचवे तत्त्व आपल्या वाचकांना विशेष ओळखीचे वाटेल. बोल आणि आचार यांत अंतर नसावे, हे बाराव्या शतकातील शरणांनी कन्नड या लोकभाषेतच सांगितले होते.

पुढे काय झाले? १८४६ साली दादोबा मुंबईला परतले. १८५२ साली दुर्गाराम राजकोटला गेले आणि सुरतेची सभा थंडावली. पण बी वाया गेले नाही. दुर्गारामांच्या शाळेत शिकलेला नर्मदाशंकर हा सुरतेचा मुलगा पुढे कवी नर्मद म्हणून गाजला. त्याने एकट्याने कष्ट करून सुमारे २५ हजार शब्दांचा ‘नर्मकोश’ १८७३ साली पुरा प्रसिद्ध केला आणि सुधारणेसाठी उघडपणे लोकांचा रोषही पत्करला.

मुंबईत दादोबांच्या प्रेरणेने १८४९ साली परमहंस सभा निघाली. तत्त्वे सुरतेचीच, पण एक मोठा फरक होता. ही सभा गुप्त होती. सभासद बंद दाराआड एकत्र जमत, जातिबंधन मोडल्याची खूण म्हणून ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खात, आणि बाहेर आल्यावर पूर्ववत वागत. सभासदांची संख्या पुरेशी वाढली म्हणजे जाहीर करावयाचे, असा बेत होता. ती वेळ आली नाही. १८६० साली सभासदांच्या नावांची यादी चोरीस जाऊन नावे फुटली आणि सभा एकाएकी मोडली. सुरतेत लिहिलेले ‘धर्मविवेचन’ही सुमारे २५ वर्षे अप्रकाशित राहिले. १८६८ साली ते छापले गेले, तेव्हा त्यावर दादोबांचे नाव नव्हते; ‘एक जगद्वासी आर्य’ असे टोपणनाव होते.

याबद्दल दादोबांना दोष देणे सोपे आहे. पण त्या काळचा बहिष्कार म्हणजे काय, हे आठवावे. मुलामुलींची लग्ने अडत, घरी भट येत नसे, प्रेताला खांदा मिळत नसे. ज्याच्या मागे कुटुंब आहे, त्याला हे सर्व डोळ्यांपुढे दिसते. तरीही एवढे म्हणावेच लागेल, की शब्दाला बळ येते ते बोलणाऱ्याने आपले नाव त्यामागे उभे केल्याने. सुरतेत मांत्रिकांना जे सर्वांसमक्ष सांगितले ते टिकले. मुंबईत बंद दाराआड जे बोलले गेले ते एका यादीच्या चोरीने विरले. हा धडा धाकट्या पिढीने घेतला. १८६७ साली मुंबईत प्रार्थना समाज स्थापन झाला, तो उघडपणे. आणि त्याचे अध्वर्यू होते दादोबांचेच बंधू डॉ. आत्माराम पांडुरंग.

मधल्या काळात दादोबांनी अहमदनगरकडे डेप्युटी कलेक्टरची नोकरी केली, रावबहादूर ही पदवी मिळविली. पण त्यांचे मन शब्दातच होते. मोरोपंतांच्या ‘केकावली’वर त्यांनी १८६५ साली टीका लिहिली आणि आईवडिलांच्या स्मरणार्थ तिला ‘यशोदा पांडुरंगी’ हे नाव दिले. केका म्हणजे मोराचा टाहो. मोराने मेघाला हाक मारावी तशी भक्ताने देवाला मारलेली हाक, अशी ती कल्पना. येथे पक्ष्याचा आवाजही भाषा होतो.

उतारवयात तर त्यांची दृष्टी आणखी दूर गेली. स्वीडनमधील शास्त्रज्ञ आणि तत्त्वचिंतक स्वीडनबोर्ग (१६८८–१७७२) यांचे ग्रंथ त्यांनी आस्थेने वाचले व त्यांवरील आपले चिंतन इंग्रजीत लिहिले. ते पुस्तक १८७८ साली लंडनला प्रसिद्ध झाले. स्वीडनबोर्गांच्या मते डोळ्यांना दिसणारी प्रत्येक वस्तू अंतरंगातील एखाद्या सत्याची खूण आहे. सूर्याची ऊब म्हणजे प्रेम, त्याचा प्रकाश म्हणजे ज्ञान. म्हणजे सृष्टी हेही एक लिहिलेले पान. ज्याने तरुणपणी विभक्ती आणि प्रत्यय मोजले, तो म्हातारपणी झाडापानांचा अर्थ वाचू लागला. तीच जिज्ञासा, फक्त ग्रंथ मोठा झाला.

१७ ऑक्टोबर १८८२ रोजी दादोबांचे देहावसान झाले. त्यांनी स्वतः लिहिलेले आत्मचरित्र अ. का. प्रियोळकर यांनी संपादून १९४७ साली प्रकाशात आणले.

वाचकहो, दादोबांच्या चरित्रातून दोन गोष्टी घ्याव्यात. एक, आपल्या घरची बोली कमी प्रतीची समजू नये. तिच्यातही नियम आहे, सौंदर्य आहे. दुसरी अधिक कठीण. जे खरे पटले ते बंद दाराआड न ठेवता, आपल्या नावाने आणि आपल्या वागण्याने बोलावे. व्याकरण चुकले तर ते पुढच्या आवृत्तीत सुधारता येते. खरा शब्द बोलायचा राहून गेला, तर त्याला पूरणिका जोडता येत नाही.