जे. आर. फर्थ: शब्दांच्या संगतीचा अभ्यासक

भारतीय भाषांच्या अभ्यासकांना जॉन रूपर्ट फर्थ हे नाव बहुधा स्वनविज्ञानाच्या वाटेने परिचित होते. ‘प्रोसडी’ची कल्पना, तिच्या आधारे झालेली अनेक पौर्वात्य भाषांची विश्लेषणे आणि त्यांतून उभा राहिलेला लंडन संप्रदाय, एवढ्यावर सामान्यतः त्यांची ओळख संपते. परंतु ज्या एका विचारामुळे फर्थ यांचे नाव आज भाषाविज्ञानाच्या बाहेरही, कोशरचनेत आणि संगणकीय भाषाभ्यासातही घेतले जाते, तो विचार शब्दार्थाविषयीचा आहे. शब्दाचा अर्थ काही अंशी त्याच्या नित्याच्या सोबत्यांत वसतो, हा तो विचार. ज्याच्या उमेदीची वर्षे भारतात गेली अशा माणसाने तो मांडला, ही गोष्ट आपल्या दृष्टीने उपेक्षणीय नाही.

फर्थ यांचा जन्म १७ जून १८९० रोजी इंग्लंडमधील यॉर्कशर परगण्यातील कीथली या गावी झाला. लीड्स विद्यापीठात त्यांनी इतिहास हा विषय घेऊन १९११ मध्ये बी. ए. व १९१३ मध्ये एम. ए. ही पदवी मिळवली. म्हणजे भाषाविज्ञानाचे रूढ शिक्षण त्यांना मिळाले नव्हते. त्या काळी इंग्लंडात ते फारसे मिळण्यासारखेही नव्हते. पुढे ते भारतीय शिक्षणसेवेत दाखल झाले. पहिल्या महायुद्धात भारत, अफगाणिस्तान व आफ्रिका येथे त्यांनी लष्करी सेवा केली, आणि युद्ध संपल्यावर लाहोरच्या पंजाब विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक म्हणून ते रुजू झाले. १९२८ पर्यंत ते तेथे होते.

त्या लाहोरचे भाषिक चित्र डोळ्यांपुढे आणले तर फर्थ यांच्या पुढील विचारांची पार्श्वभूमी लक्षात येते. घरात पंजाबी, कचेरीत उर्दू, विद्यापीठात आणि वरिष्ठ कारभारात इंग्रजी, आणि ओरिएंटल कॉलेजात संस्कृत, अरबी व फारसी. एकच माणूस सकाळपासून संध्याकाळपर्यंत तीन-चार भाषांतून वावरत असे, आणि कोणत्या प्रसंगी कोणती भाषा वापरावयाची याविषयी त्याच्या मनात संभ्रम नसे. भाषा ही प्रसंगापासून अलग काढून तपासता येत नाही, हे फर्थ यांना पुढे ब्रोनिस्लाव मालिनोव्स्की यांच्या मानवशास्त्रीय लेखनात सिद्धांतरूपाने भेटले. त्याचा प्रत्यय त्यांना लाहोरातच आला असला पाहिजे, असे मानण्यास जागा आहे.

१९२८ मध्ये ते लंडनला परतले आणि युनिव्हर्सिटी कॉलेजात डॅनियल जोन्स यांच्या स्वनविज्ञान विभागात अध्यापन करू लागले. ‘स्पीच’ (१९३०) आणि ‘द टंग्ज ऑफ मेन’ (१९३७) ही त्यांची दोन छोटी, सर्वसामान्य वाचकांसाठी लिहिलेली पुस्तके याच काळातील. १९३५ च्या ‘द टेक्नीक ऑफ सिमँटिक्स’ या निबंधात मालिनोव्स्कींची प्रसंगसंदर्भाची कल्पना त्यांनी भाषाविज्ञानाच्या परिभाषेत आणली. समाजदृष्ट्या कळीचे असलेले शब्द कोणकोणत्या संदर्भांत येतात याची तपशीलवार पाहणी व्हावी, अशी अपेक्षाही त्यांनी तेथेच व्यक्त केली. (मानवशास्त्रज्ञ रेमंड फर्थ ही व्यक्ती वेगळी, मालिनोव्स्कींशी दोघांचाही संबंध असल्याने संदर्भसूचीत त्यांची गल्लत होताना दिसते.) १९३७-३८ मध्ये त्यांनी पुन्हा भारतात येऊन गुजराती व तेलुगू या भाषांचा स्वनवैज्ञानिक अभ्यास केला. गुजरातीवरील त्यांची निरीक्षणे छापून यायला मात्र १९५७ साल उजाडावे लागले.

लंडनच्या प्राच्यविद्या संस्थेत, म्हणजे स्कूल ऑफ ओरिएंटल अँड आफ्रिकन स्टडीजमध्ये, ते १९३८ मध्ये आले आणि १९४१ मध्ये स्वनविज्ञान व भाषाविज्ञान विभागाचे प्रमुख झाले. दुसऱ्या महायुद्धात जपानी भाषेच्या जाणकारांची तातडीने गरज भासली. संपूर्ण जपानी शिकवण्यास अवधी नव्हता. फर्थ यांनी शत्रूच्या हवाई दलाच्या संदेशांत येणाऱ्या मर्यादित भाषेपुरते शिक्षण आखले, आणि ते यशस्वी ठरले. त्याबद्दल १९४६ मध्ये त्यांना ‘ओ. बी. ई.’ हा किताब मिळाला. या अनुभवाचे सैद्धांतिक फलित म्हणजे ‘मर्यादित भाषां’ची कल्पना: प्रत्येक व्यवसायाला, प्रत्येक व्यवहाराला आपली एक लहानशी भाषा असते, आणि तिचे व्याकरण व शब्दकोश तिच्यापुरते मांडता येतात. १९४४ मध्ये त्यांची सामान्य भाषाविज्ञानाच्या प्राध्यापकपदी नियुक्ती झाली. ब्रिटनमधील हे या विषयाचे पहिले अध्यासन. भाषाविषयक विचार त्या देशात शतकानुशतके होत आला होता. विद्यापीठीय दर्जा त्याला त्या वर्षी मिळाला. एखादी गोष्ट असणे आणि तिला रीतसर मान्यता असणे यांतील अंतर फर्थ यांच्या स्वतःच्या शास्त्राने असे अनुभवले होते.

‘कोलोकेशन’ हा शब्द फर्थ यांनी घडवला नाही. हॅरल्ड पामर यांनी तोक्योमध्ये इंग्रजीच्या अध्यापनासाठी १९३३ मध्येच कोलोकेशनांचा एक संग्रह प्रसिद्ध केला होता. परंतु पामर यांच्या लेखी तो अध्यापनाच्या सोयीचा प्रश्न होता. १९५१ च्या ‘मोड्स ऑफ मीनिंग’ या निबंधात फर्थ यांनी त्याला अर्थसिद्धांतात स्थान दिले. काळोख आणि रात्र हे शब्द एकत्र येतात, कारण त्यांचे अर्थ जुळतात, असे आपण समजतो. फर्थ यांचे म्हणणे असे की, एकत्र येण्याची ही क्षमताच त्या दोहोंच्या अर्थाचा एक भाग होय. येथे आपल्याकडील अभ्यासकाला भर्तृहरीचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. अनेकार्थी शब्दाचा अर्थ निश्चित करणाऱ्या कारणांत ‘वाक्यपदीया’ने संसर्ग, विप्रयोग यांच्याबरोबर साहचर्याचीही गणना केली आहे, आणि मम्मटापर्यंतच्या आलंकारिकांनी ती स्वीकारली आहे. मात्र दोहोंना एकच समजणे योग्य होणार नाही. भर्तृहरीच्या यादीत साहचर्य हे आधीच असलेल्या अनेक अर्थांतून एकाची निवड करते. फर्थ यांच्या मांडणीत ते अर्थाचा घटकच बनते.

या मांडणीची कसोटी पाहण्यास इंग्रजीतील औपचारिक दर्जा सांगणारी क्रियाविशेषणे फार उपयोगी पडतात. ऑफिशियली, फॉर्मली, लीगली, नॉमिनली, टेक्निकली, ड्यूली हा तो गट. फर्थ यांनी त्याचा स्वतंत्र अभ्यास केलेला नाही. पण कोशात जवळजवळ समानार्थी दिसणारे हे शब्द संगतीच्या बाबतीत एकमेकांपासून किती दूर आहेत, हे त्यांच्याच पद्धतीने दिसून येते. ‘ऑफिशियली’ची ओढ घोषणा करणे, मान्यता देणे, उद्घाटन करणे, दुजोरा देणे या अर्थांच्या क्रियापदांकडे आहे. ही सारी क्रियापदे अशी की, ती क्रिया घडल्यानेच दर्जा निर्माण होतो. तेच क्रियाविशेषण ‘ओव्हर’सारख्या विशेषणापाशी आले की सूर बदलतो: युद्ध ‘ऑफिशियली ओव्हर’ आहे, असे म्हणणारा बहुधा गोळीबार चालू असल्याचे सुचवीत असतो. क्रियापदापाशी जे दर्जा देते, तेच विशेषणापाशी दर्जाविषयी शंका घेते. ‘टेक्निकली’ची गोष्ट आणखी उद्बोधक आहे. ‘पॉसिबल’ किंवा ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ यांच्या सोबतीने ते तंत्रज्ञानाविषयी बोलते. ‘करेक्ट’ किंवा ‘गिल्टी’ यांच्या सोबतीने ते नियमाच्या काटेकोर अक्षराविषयी बोलते, आणि व्यवहारात निराळे काही आहे, ही पुस्तीही न लिहिता जोडते. ‘ड्यूली’ हे निवडून आलेला, स्वाक्षरी केलेला, अधिकार दिलेला अशा धातुसाधितांच्या आधी सुखाने बसते; ‘इंडिपेंडंट’सारखे शुद्ध विशेषण त्याला मानवत नाही.

‘नॉमिनली’ला तर घोषणेची क्रियापदे वर्ज्यच आहेत. ‘नॉमिनली अनाउन्स्ड’ या जोडीत व्याकरणाची चूक नाही, तरीही ती कोणी लिहीत नाही. तिला स्वतंत्र, अंकित, प्रमुख अशी अवस्था दाखवणारी विशेषणे हवीत. १८०३ नंतरचा दिल्लीचा बादशहा किंवा पेशवाईच्या उत्तरकाळातील सातारचे छत्रपती यांच्याविषयी इंग्रजीत लिहिणाऱ्या इतिहासकारांना हे क्रियाविशेषण इतके जवळचे वाटले, याचे कारण तेथे नाव आणि सत्ता यांची फारकत झालेली होती.

यावर आक्षेप असा येऊ शकतो की, घोषणा केल्यानेच दर्जा निर्माण होत असेल तर ‘केवळ नावापुरती घोषणा’ ही कल्पनाच अर्थशून्य. मग संगतीचा नियम कशाला, अर्थाचाच नियम पुरे. मीमांसकांच्या भाषेत हा योग्यतेचा अभाव झाला. आक्षेप अंशतः खरा आहे. परंतु ‘लीगली बाइंडिंग’ ही जोडी पक्की असून ‘ऑफिशियली बाइंडिंग’ ही कानाला खटकते, याचा उलगडा योग्यतेने होत नाही. सरकारी अधिकाराने एखादी गोष्ट बंधनकारक होण्यात अतार्किक काय आहे? तेथे केवळ रूढीची सत्ता आहे, आणि फर्थ यांचे महत्त्व नेमके तेथे आहे.

कोणत्या शब्दाशी कोणता शब्द येतो हा कोलोकेशनचा प्रश्न. कोणत्या व्याकरणिक वर्गाशी कोणता वर्ग येतो याला फर्थ यांनी ‘कोलिगेशन’ असे वेगळे नाव दिले. मराठी अनुवादकाची खरी अडचण या दुसऱ्या पातळीवर आहे. इंग्रजी जेथे क्रियाविशेषण आणि क्रियापद जोडते तेथे मराठीचा स्वाभाविक कल विशेषण आणि भाववाचक नाम जोडून पुढे ‘करणे’ लावण्याकडे असतो: औपचारिक घोषणा केली, रीतसर नोंदणी केली, अधिकृत मान्यता दिली. ‘औपचारिकरीत्या घोषित केले’ हे चुकीचे नाही. पण त्यात इंग्रजीचा सांगाडा दिसतो. शब्दांच्या निवडीतही तोच विवेक लागतो. अर्ज, परवानगी, नेमणूक यांना ‘रीतसर’ शोभते. दीक्षेला आणि प्राणप्रतिष्ठेला ‘विधिवत्’. वारस कायदेशीर असतो, रीतसर नव्हे. राजा नामधारी असतो आणि शुल्क नाममात्र. ही विशेषणे परस्परांत बदलून पाहावीत, म्हणजे दोन्ही जोड्या कशा मोडून पडतात ते दिसते. महाराष्ट्रात भाषा संचालनालयाचा ‘पदनाम कोश’ १९६२ मध्ये निघाला, १९६४ मध्ये राजभाषा अधिनियम झाला, आणि शासकीय मराठीच्या घडणीला वेग आला. परिभाषा कोशांनी शब्दाला शब्द दिला, हे मोठेच काम झाले. पण शासकीय मराठी अवघड झाली म्हणून जी तक्रार होते तिचे खापर नेहमी संस्कृत शब्दांवर फोडले जाते, ते मला न्याय्य वाटत नाही. ‘विधिवत्’ हा शब्द कोणाला अवघड वाटत नाही. अनोळखी संगतीत आला की तो अवघड होतो.

फर्थ हे सोपे गृहस्थ नव्हते. आपल्या मतांविषयी ते आग्रही, विद्यार्थ्यांवर छाप पाडणारे आणि लेखनात बरेचसे विस्कळीत होते. आपला सिद्धांत सलगपणे मांडणारा ग्रंथ त्यांनी लिहिला नाही. जे आहे ते निबंधांतून विखुरलेले आहे. १९३४ ते १९५१ या काळातील निबंधांचा संग्रह १९५७ मध्ये निघाला, आणि त्याच वर्षी आपल्या विचारांचा एक गोषवारा त्यांनी प्रसिद्ध केला. शब्दाची ओळख त्याच्या सोबत्यांवरून पटते, या आशयाचे त्यांचे जे वाक्य आज सर्वतोमुखी झाले आहे, ते त्या गोषवाऱ्यातील होय. भारतीय परंपरेविषयी त्यांना मनःपूर्वक आदर होता. विल्यम जोन्स यांनी भारतीय वैयाकरणांचा परिचय करून दिला नसता तर एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी स्वनविज्ञानाची कल्पनाही करता आली नसती, असा निर्वाळा त्यांनी १९४६ मध्ये दिला होता. याउलट भारतीय भाषांसाठी रोमन लिपी स्वीकारावी, हा त्यांचा आग्रह भारतीयांनी मानला नाही, आणि ते योग्यच झाले.

१९५६ मध्ये ते निवृत्त झाले. १४ डिसेंबर १९६० रोजी ससेक्समधील लिंडफील्ड येथे त्यांचे निधन झाले. १९६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्मृतिग्रंथात हॅलिडे व सिंक्लेअर यांनी शब्दसाहचर्याचा विचार पुढे नेला. त्याच ग्रंथात जॉन लायन्स यांनी फर्थ यांच्या अर्थसिद्धांताची कठोर चिकित्साही केली. क्रियाविशेषणांपुरते पाहिले तर सर्वांत लक्षणीय काम सिडनी ग्रीनबॉम यांनी १९७० मध्ये केले. अपुरी वाक्ये इंग्रजी भाषकांपुढे ठेवून ती पूर्ण करण्यास त्यांनी सांगितले. ‘आय एंटायरली’ एवढे शब्द दिले असता बहुसंख्यांनी ‘अ‍ॅग्री’ हेच क्रियापद लिहिले.