शिकण्याची ओढ जागविणारे तत्त्वज्ञ
विद्यार्थ्याला काय शिकवावे, याआधी त्याला शिकावेसे का वाटावे, हा प्रश्न शिक्षकाने स्वतःला विचारला पाहिजे, असा आग्रह धरणारे अमेरिकी तत्त्वज्ञ जॉन ड्युई यांचा जन्म २० ऑक्टोबर १८५९ रोजी व्हरमाँट राज्यातील बर्लिंग्टन येथे झाला. काही काळ शाळेत अध्यापन केल्यानंतर १८८४ मध्ये त्यांनी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली.

१८९४ मध्ये ते शिकागो विद्यापीठात दाखल झाले आणि १८९६ मध्ये त्यांनी तेथे प्रायोगिक शाळा सुरू केली. स्वयंपाक, विणकाम, सुतारकाम करता करता मुले तेथे गणित आणि विज्ञान शिकत. विद्यापीठाच्या प्रमुखांशी मतभेद झाल्याने १९०४ मध्ये ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले.

अडचण जाणवल्याखेरीज विचार सुरू होत नाही, हे त्यांनी १९१० च्या ग्रंथात मांडले. १९१३ मध्ये त्यांनी गोडी आणि परिश्रम यांतील कल्पित विरोध खोडून काढला. बक्षिसाच्या आमिषाने किंवा शिक्षेच्या धाकाने करवून घेतलेला अभ्यास वरवरचा ठरतो. विषय स्वतःच्या हेतूशी जोडला गेला, की विद्यार्थी कष्टही आपणहून उपसतो, असे त्यांचे प्रतिपादन होते.

विशेष म्हणजे, वक्तृत्व ही त्यांची जमेची बाजू नव्हती. ते संथ, एकसुरी बोलत; अनेकांना त्यांचे तास रटाळ वाटत. मात्र लक्षपूर्वक ऐकणाऱ्याला समोर एक विचार घडताना दिसे. १९१३ ते १९१६ या काळात कोलंबियात शिकलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे अशाच श्रोत्यांपैकी एक. १९३६ च्या जातिनिर्मूलनविषयक ग्रंथात त्यांनी ड्युईंचे ऋण आवर्जून मान्य केले.

महाविद्यालयीन शिक्षणाचा प्रश्नही ड्युईंनी टाळला नाही. फ्लोरिडातील रोलिन्स महाविद्यालयाने व्याख्यानांऐवजी प्राध्यापक-विद्यार्थी संवादाचा मार्ग पत्करला होता. १९३१ मध्ये तेथे भरलेल्या अभ्यासक्रम परिषदेचे अध्यक्षपद ड्युईंनी भूषविले. तरीही शिस्तीचा अभाव म्हणजे स्वातंत्र्य नव्हे, असे त्यांनी १९३८ मध्ये आपल्या अनुयायांनाही बजावले.

१ जून १९५२ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले. त्याच आठवड्यात कोलंबियाची सन्माननीय पदवी स्वीकारण्यासाठी बाबासाहेब तेथे आले होते. गुरुभेटीची त्यांची इच्छा अपुरीच राहिली. पण मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय उभारणाऱ्या या शिष्याने गुरूचा विचार आयुष्यभर जपला होता.