दुधाच्या नळ्या मोजणारा सर्जन

लंडनच्या गाईज हॉस्पिटलचे सर्जन सर ॲस्टली कूपर यांनी १८४० साली स्तनाच्या शरीररचनेवरचा ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती. पैसा, कीर्ती, राजदरबारातला मान, सारे मिळवून झाले होते. अशा माणसाने उतारवयात ओल्या बाळंतिणीच्या स्तनातल्या नळ्या मोजायला बसावे, याचे नवल वाटते. स्तनाला आतून आधार देणाऱ्या तंतूंना आजही त्यांचेच नाव आहे.

कूपर यांचा जन्म १७६८ सालचा, इंग्लंडमधल्या नॉर्फकचा. वडील धर्मोपदेशक, आई कादंबऱ्या लिहिणारी, काका गाईजमध्ये सर्जन. १७८४ साली हा मुलगा लंडनला आला आणि हेन्री क्लाईन या नामवंत सर्जनच्या हाताखाली शिकू लागला. त्याला विच्छेदनाची जी गोडी लागली, ती शेवटपर्यंत सुटली नाही. पहाटे उठून न्याहारीच्या आधी शवविच्छेदन, हा त्यांचा आयुष्यभराचा क्रम. एकदा तर मेलेला हत्ती घरी आणवला. तो दारातून आत जाईना, तेव्हा अंगणातच, कुंपणाला गालिचे टांगून आडोसा केला आणि त्याची चिरफाड केली. वैद्यकीच्या पहिल्या वर्षी त्यांना जेमतेम पाच गिनी मिळाल्या होत्या. १८१५ साली हीच कमाई वर्षाला २१,००० पौंडांवर गेली. १८१७ साली त्यांनी पोटातली मुख्य रोहिणी बांधण्याचे धाडस केले. पुढे राजा चौथा जॉर्ज याच्या डोक्यावरची गाठ काढली आणि १८२१ साली ‘सर’ झाले.

या कीर्तीला एक काळी बाजू आहे. त्या काळी इंग्लंडमध्ये विच्छेदनासाठी कायदेशीर मृतदेह जवळपास मिळत नसत. फाशी गेलेल्या खुन्यांचे तेवढे मिळत. बाकीचे रात्री थडगी उकरणाऱ्या टोळ्यांकडून विकत घेतले जात, आणि कूपर त्यांचे मोठे गिऱ्हाईक होते. १८२८ साली संसदेच्या समितीपुढे त्यांनी हे लपवलेही नाही. १८३२ साली कायदा झाला, तेव्हा बेवारस गरिबांचे देह मिळू लागले. म्हणजे आधी काय नि नंतर काय, विज्ञानाची किंमत मोजली ती बहुधा गरिबांनीच.

स्तनाच्या आजारांवर कूपर यांचे पुस्तक १८२९ साली आले होते. दूध पाजणाऱ्या बाईला होणारा गळू त्यांनी नीट अभ्यासला होता. आधी एखादा भाग कडक होतो, लाल होतो, दुखतो, मग थंडी वाजून ताप भरतो, आणि हे थांबले नाही तर पू होतो. सुरुवातीच्या टप्प्यावर ते स्पिरिट आणि पाणी मिसळून थंडावा देणाऱ्या पट्ट्या ठेवत. जळवा आणि रेचकही देत. ते आता कालबाह्य झाले. पू वरवर असेल आणि लवकर पिकत असेल तर तो आपोआप फुटू द्यावा, खोल असेल आणि बाई असह्य वेदनेत असेल तरच चाकू लावावा, असा त्यांचा नियम होता. भूल नव्हती, जंतूंची कल्पना नव्हती, हे लक्षात घेतले तर हा संयम मोठाच म्हणायला हवा.

पण आजार ओळखून त्यांचे समाधान झाले नाही. दूध येतेय कुठून, बाहेर पडतेय कसे, हे त्यांना डोळ्यांनी पाहायचे होते. दूध पाजत्या अवस्थेत मरण पावलेल्या स्त्रियांचे स्तन त्यांनी घेतले, बोंडावरच्या बारीक छिद्रांतून एकेका नळीत रंगीत मेण भरले आणि मग भोवतालचे ऊतक काढून टाकले. मागे उरले ते झाडाच्या फांद्यांसारखे जाळे. बहुतेक वेळा त्यांना सात ते दहा नळ्या भरता आल्या, फार तर बारा. या कामाची सुंदर चित्रे १८४० च्या ग्रंथात आहेत.

ही चित्रे पुढे दीडशेहून अधिक वर्षे पाठ्यपुस्तकांचा आधार राहिली. बोंडामागे दुधाच्या फुगीर टाक्या, त्यांना जोडलेल्या जाड नळ्या, हे चित्र डॉक्टर आणि परिचारिका पिढ्यान् पिढ्या शिकत आल्या. २००५ साली ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या संशोधकांनी दूध पाजणाऱ्या जिवंत स्त्रियांची सोनोग्राफी करून पाहिली. नळ्या सरासरी नऊच्या आसपास निघाल्या, म्हणजे कूपर यांची मोजणी बरोबर होती. टाक्या मात्र कुठे दिसल्याच नाहीत. मेणाच्या दाबाने मृतदेहातल्या नळ्या फुगल्या असाव्यात, असा तर्क आहे. जिवंत स्तनातल्या नळ्या बारीक, मऊ, सहज दबणाऱ्या असतात.

हा नुसता शास्त्राचा बारकावा नाही. टाकी आणि नळ हे चित्र मनात असले की गाठ म्हणजे नळात अडकलेला बोळा वाटतो, आणि बोळा म्हटले की तो दाबून, चोळून, पिळून काढावासा वाटतो. घरोघरी हेच होते. बाळंतिणीच्या छातीत गाठ लागली की कढत शेक देतात, जोरजोरात चोळतात, ‘खराब’ दूध म्हणून त्या बाजूचे पाजणे बंद करतात किंवा पंपाने स्तन पार रिकामा करू पाहतात. खरे तर सूज नळ्यांभोवतीच्या ऊतकाला असते आणि तिच्या दाबाने नळ्या चिमटतात. चोळल्याने सूज वाढते. अति उपसल्याने शरीर आणखी दूध तयार करते.

म्हणून आताचा सल्ला साधा आहे. बाळाला नेहमीसारखे, त्याला भूक लागेल तेव्हा, दोन्ही बाजूंनी पाजत राहावे. ते दूध बाळाला चालते. स्तन हलकेही चोळले तरी बोटांचा दाब खोल जाऊ नये. पाजून झाल्यावर कपड्यात गुंडाळलेला बर्फ किंवा थंड पट्टी दहा-पंधरा मिनिटे ठेवावी. वेदना आणि सूज यांसाठी डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन घेता येते. बाळ बोंड नीट तोंडात घेते का, हे जाणत्या परिचारिकेकडून पाहून घ्यावे. बोंडाला चिरा पडत असतील तर बहुधा गोम तिथेच असते. आईला झोप मिळाली पाहिजे, आणि हे काम घरातल्या इतरांचे.

चोवीस तासांत उतार पडला नाही, ताप थंडीसह येत राहिला, लाली पसरली किंवा बाई गळून गेली, तर घरगुती उपाय पुरे. दवाखान्यात जावे. जंतुसंसर्ग असेल तर प्रतिजैविके लागतात. या कारणासाठी दिली जाणारी बरीचशी औषधे स्तनपान चालू ठेवून घेता येतात. मात्र बाळाला पाजत असल्याचे डॉक्टरांना सांगावे आणि गोळ्या मध्येच सोडू नयेत. गाठ तशीच राहिली किंवा दाबल्यावर आत पाण्यासारखे हलले, तर सोनोग्राफी करतात. पू झालेला असेल तर आता बहुतेकदा बधिर करून सुईने तो ओढून घेतात, गरज पडल्यास पुन्हा एकदा. कूपर यांच्यासारखी फुटण्याची वाट पाहावी लागत नाही. पू काढल्यावरही त्या बाजूने पाजणे बहुतेकदा चालू ठेवता येते; जखम अगदी बोंडालगत असली तर तेवढे दिवस हाताने हळुवार दूध काढावे.

कूपर फेब्रुवारी १८४१ मध्ये गेले, ग्रंथ निघाल्यानंतर जेमतेम वर्षभरात. गाईज हॉस्पिटलच्याच चॅपेलमध्ये त्यांना पुरले आहे.