इब्न सिना : अफू, वेदना आणि मात्रा
इ.स. 980 मध्ये बुखाऱ्याजवळ जन्मलेले हकीम इब्न सिना यांनी आपल्या ‘कानून’ या वैद्यकग्रंथात अफूला सर्वांत प्रभावी वेदनाशामक मानले. पण तिच्यामुळे खाज सुटते, बद्धकोष्ठता होते, श्वास मंदावतो, हेही नोंदवले. दुखण्याचे मूळ दूर करणे हाच त्यांच्या मते खरा उपाय.

पुढे त्यांनाच पोटशूळ जडला. पैसे चोरलेल्या नोकरांनी त्यांच्या औषधात जादा अफू मिसळली, असे त्यांचे शिष्य जुझजानी सांगतात. त्यातून ते वाचले. पण दुखणे सरले नाही. अखेर दानधर्म करून, गुलामांना मुक्त करून 1037 च्या रमजानमध्ये हमदानला त्यांनी डोळे मिटले.

बारामती-इंदापुरात डॉक्टर लिहून देतात ती मॉर्फिन, ट्रामाडॉल याच जातकुळीची. म्हणून रोजा असला तरी सहरी-इफ्तारसाठी मात्रा डॉक्टरांना विचारूनच बदलावी.